दस्तऐवज डेटाबेसची अंतर्गत क्लाउड सेवा

दस्तऐवज डेटाबेसची अंतर्गत क्लाउड सेवा म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेने आपल्याच विभागांना दस्तऐवज स्वरूपाचा डेटाबेस मागणीनुसार, ठरावीक दर्जाने आणि वापराच्या मोजमापासह उपलब्ध करून देण्याची व्यवस्था होय. सर्व्हर मिळवणे, सॉफ्टवेअर बसवणे, बॅकअप घेणे, सुरक्षा राखणे ही कामे प्रत्येक विभागाने स्वतंत्रपणे न करता एक मध्यवर्ती पथक सर्वांसाठी करते. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या अशा अनेक उपयोजने चालवणाऱ्या संस्थांना ही पद्धत विशेष उपयोगी ठरते. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः मोंगोडीबी या डेटाबेसच्या आधारे केले आहे.

दस्तऐवज डेटाबेस

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल अर्थात संबंधाधारित प्रारूपात माहिती तक्त्यांमध्ये ठेवली जाते व प्रत्येक तक्त्याचे रकाने आधी निश्चित करावे लागतात. दस्तऐवज डेटाबेसमध्ये एका वस्तूविषयीची माहिती एकाच नोंदीत, म्हणजे दस्तऐवजात, एकत्र राहते आणि दोन दस्तऐवजांतील घटक सारखेच असावेत असे बंधन नसते. उदाहरणार्थ, विमा कंपनीच्या वाहन पॉलिसीत इंजिन क्रमांक असतो, आरोग्य पॉलिसीत कुटुंबीयांची यादी असते, तर पीक विम्यात शेताचे क्षेत्रफळ असते. हे तिन्ही दस्तऐवज एकाच संग्रहात राहू शकतात.

मोंगोडीबीचा विकास २००७ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या टेनजेन या कंपनीने केला. २००९ साली तो मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणून प्रसिद्ध झाला आणि २०१३ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. यातील दस्तऐवज बीएसओएन या द्विमान स्वरूपात साठवले जातात व एका दस्तऐवजाची कमाल मर्यादा १६ मेगाबाइट असते.

गरज व पार्श्वभूमी

दस्तऐवज डेटाबेस बसवणे सोपे असते. हा त्याचा गुण मोठ्या संस्थेत अडचणीचाही ठरतो. विभाग आपापल्या सोयीने डेटाबेस उभारतात आणि कालांतराने कोणता डेटाबेस कोठे आहे, त्याची आवृत्ती कोणती, त्याचा बॅकअप कोण घेतो, याची एकत्रित नोंद कोणाकडेच राहत नाही.

या दुर्लक्षाचे परिणाम जानेवारी २०१७ मध्ये जगभर दिसून आले. पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसून टाकले आणि त्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारा संदेश ठेवला. खंडणी भरूनही माहिती परत न मिळाल्याचे प्रकार घडले. हल्लेखोरांना यासाठी सॉफ्टवेअरमधील एखादा गुप्त दोष शोधावा लागला नव्हता. ओळख पडताळणी सुरू केलेली नसणे एवढेच त्यांना पुरेसे होते. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून डेटाबेस मूळ मांडणीत फक्त त्याच संगणकावरून येणारी जोडणी स्वीकारतो. मध्यवर्ती सेवेत असे सुरक्षित नियम मूळ साच्यातच घातलेले असल्याने त्यांचे पालन व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

क्लाउड सेवेची लक्षणे

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत क्लाउडची पाच लक्षणे सांगितली आहेत: मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचा सामायिक साठा, जलद लवचीकता आणि मोजता येणारी सेवा. केवळ आभासी सर्व्हरांवर डेटाबेस बसवल्याने अंतर्गत क्लाउड सेवा तयार होत नाही. अर्ज केल्यावर मंजुरीसाठी व उभारणीसाठी आठवडे लागत असतील, तर स्वयंसेवेचे पहिलेच लक्षण तेथे नसते.

सेवेत सहसा लहान, मध्यम व मोठा असे ठरावीक आकार दिले जातात. विभाग संकेतस्थळावरील अर्जात आकार, साठवणक्षमता, बॅकअपची मुदत व माहितीच्या संवेदनशीलतेचा वर्ग निवडतो. त्यानंतरची उभारणी स्वयंचलित असते. मोंगोडीबीसाठी हे काम ऑप्स मॅनेजर हे त्याच कंपनीचे व्यवस्थापन सॉफ्टवेअर, किंवा कुबरनेटीस या प्रणालीवर चालणारा ऑपरेटर करू शकतो. कंपनीने जून २०१६ मध्ये अ‍ॅटलास ही सार्वजनिक क्लाउडवरील सेवा सुरू केली. अंतर्गत सेवेची तुलना अनेकदा तिच्याशी केली जाते.

उपलब्धता आणि बहुमताचे गणित

सेवेचा मूलभूत घटक रेप्लिका सेट हा असतो. त्यात एकाच माहितीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर असतात. त्यांपैकी एक मुख्य सदस्य लेखन स्वीकारतो व इतर सदस्य त्याच्या कार्यनोंदीवरून आपली प्रत अद्ययावत ठेवतात. मुख्य सदस्याशी संपर्क तुटल्यावर, मूळ मांडणीनुसार १० सेकंदांनंतर, उरलेले सदस्य मतदानाने नवा मुख्य निवडतात. एका संचात जास्तीत जास्त ५० सदस्य असू शकतात, परंतु मताधिकार ७ सदस्यांनाच असतो.

निवडीसाठी एकूण मतांचे बहुमत लागते. तीन सदस्यांत दोन, पाचांत तीन. म्हणूनच दोनच डेटा केंद्रे असलेल्या संस्थेपुढे अवघड पेच उभा राहतो. पहिल्या केंद्रात दोन व दुसऱ्यात एक सदस्य ठेवला आणि पहिले केंद्र बंद पडले, तर दुसऱ्या केंद्रातील सदस्य पूर्णपणे निर्दोष असूनही आपोआप मुख्य होऊ शकत नाही, कारण तीनपैकी एक हे बहुमत नव्हे. सदस्य वाढवूनही हा प्रश्न सुटत नाही. बहुमत दोनपैकी कोणत्यातरी एका केंद्रातच राहते. नियम सैल करणेही धोक्याचे आहे. दोन्ही केंद्रे चालू असून केवळ त्यांच्यामधील जोडणी तुटली, तर दोन्हीकडे स्वतंत्र मुख्य तयार होतील व माहिती परस्परविरोधी होईल. यावर उपाय म्हणजे तिसऱ्या ठिकाणी किमान एक मताधिकारी सदस्य ठेवणे. हा निर्णय मध्यवर्ती पथकाने एकदाच व सर्वांसाठी घेणे इष्ट असते.

बॅकअप

प्रतींची संख्या म्हणजे बॅकअप नव्हे. एखाद्याने चुकून संपूर्ण संग्रह पुसण्याची आज्ञा दिली, तर ती आज्ञाही इमानाने सर्व प्रतींपर्यंत पोहोचते. त्यामुळे वेगळ्या साठवणीत वेळोवेळी पूर्ण प्रत घेणे आणि तिच्यासोबत कार्यनोंद जपणे आवश्यक असते. या दोहोंच्या साहाय्याने चूक घडण्याच्या नेमक्या आधीच्या क्षणापर्यंत माहिती परत आणता येते. जो बॅकअप कधी परत उभा करून पाहिलेला नाही, त्यावर विसंबणे योग्य नाही. म्हणून पुनर्स्थापनेची नियमित चाचणी हा चांगल्या सेवेच्या कराराचा भाग असतो.

सामायिक वापरातील अडचणी

अनेक विभागांनी एकच यंत्र वापरल्यास खर्च वाचतो, परंतु एकाचा भार दुसऱ्याला जाणवतो. वायर्डटायगर हे मोंगोडीबीचे साठवण इंजिन मूळ मांडणीत यंत्राच्या स्मृतीतून १ गिगाबाइट वजा करून उरलेल्याच्या निम्मी स्मृती स्वतःच्या कॅशेसाठी गृहीत धरते. ६४ गिगाबाइटच्या यंत्रावर हा आकडा ३१.५ गिगाबाइट होतो. तेथे तीन डेटाबेस मर्यादा न घालता चालवले, तर त्यांची एकत्रित अपेक्षा ९४.५ गिगाबाइट, म्हणजे यंत्राच्या क्षमतेहून अधिक होते. म्हणून प्रत्येक डेटाबेसला स्मृतीची मर्यादा ठरवून द्यावी लागते, किंवा महत्त्वाच्या उपयोजनांना स्वतंत्र यंत्रे द्यावी लागतात.

माहिती एका संचाच्या आवाक्याबाहेर गेल्यास शार्डिंग करून ती अनेक संचांत विभागली जाते. विभागणीची किल्ली सतत वाढत जाणारी असल्यास, उदाहरणार्थ नोंदीची वेळ, सर्व नवे लेखन एकाच भागावर येऊन पडते आणि विभागणीचा हेतूच विफल होतो. अशी किल्ली निवडण्यासाठी उपयोजनाची जाण लागते. ती मध्यवर्ती पथकापेक्षा संबंधित विभागाकडे अधिक असते.

परवाना व कायदेशीर बाबी

१६ ऑक्टोबर २०१८ रोजी मोंगोडीबीने आपला परवाना बदलून सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स स्वीकारला. त्यानुसार हे सॉफ्टवेअर त्रयस्थांना सेवा म्हणून देणाऱ्याने ती सेवा चालवणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेचा स्रोत खुला करावा लागतो. स्वतःच्या संस्थेत किंवा उपकंपन्यांना दिलेली सेवा त्रयस्थांना दिलेली मानली जात नाही, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. मुक्त स्रोत संस्थेने या परवान्याला मान्यता दिलेली नाही.

माहिती कोठे ठेवावी याविषयीचे नियमही अंतर्गत सेवेच्या बाजूने विचार करायला लावतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा नियम मे २०१८ पासून लागू झाला.

मर्यादा

अंतर्गत सेवेसाठी यंत्रसामग्री व कुशल मनुष्यबळ यांचा खर्च आधीच करावा लागतो. लहान संस्थेला तो परवडत नाही. सेवा मोफत वाटल्यास विभाग गरजेपेक्षा अधिक क्षमता अडवून ठेवतात, म्हणून प्रत्यक्ष आकारणी केली नाही तरी वापराचा हिशेब विभागांना दाखवला जातो. आवृत्त्या अद्ययावत ठेवण्यासाठी आधी दुय्यम सदस्य व शेवटी मुख्य सदस्य असा क्रम पाळल्यास सेवा जवळजवळ अखंड राहते; मात्र मधल्या मुख्य आवृत्त्या गाळून पुढे जाता येत नसल्याने लांबणीवर टाकलेले काम साठत जाते.

मध्यवर्ती पथक डेटाबेस चालू ठेवते, परंतु दस्तऐवजाची रचना, निर्देशांकांची निवड आणि माहितीची शुद्धता ही जबाबदारी विभागाकडेच राहते. ही सीमारेषा सुरुवातीलाच लेखी ठरवलेली नसल्यास बिघाडाच्या वेळी दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात आणि तोवर ग्राहकाचे काम अडून राहते.