हिमस्खलन : धोका पायाखाली असतो

हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्यांत मराठी तरुण-तरुणींची संख्या लक्षणीय आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही आता हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व सिक्कीमपर्यंत पोहोचल्या आहेत. सह्याद्रीच्या पायपिटीने या मंडळींचे पाय कणखर होतात, ही गोष्ट खरी. परंतु सह्याद्रीतील कड्याची खोली किंवा निसरडी वाट डोळ्यांना दिसते. हिमाच्छादित उतारावरील धोका पृष्ठभागाखाली दडलेला असतो आणि वरून तो उतार पुष्कळदा अत्यंत रमणीय दिसतो.

हिवाळ्यात प्रत्येक हिमवृष्टीगणिक एकावर एक थर साचत जातात. हे सर्व थर सारखे नसतात. जमिनीलगतचे हिम त्यातल्या त्यात उबदार, तर वरचे अतिशीत असते. या तापमानभेदामुळे खालच्या थरातील बाष्प वर सरकते व तेथे साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, एकमेकांस न धरणारे स्फटिक तयार होतात. अशा भुसभुशीत थरावर वाऱ्याने दाबून बसविलेल्या नव्या हिमाची जड लादी साचली, की माणसाचे वजनही निमित्तास पुरते. खालचा थर खचतो, तडा क्षणार्धात दूरवर धावतो आणि संपूर्ण लादी घसरू लागते. असे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांचे असतात. याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकून राहते. फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही.

हिमस्खलनास दैवी आपत्ती म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि हौसेने बर्फात जाणाऱ्यांच्या जीवघेण्या अपघातांचा अभ्यास केला असता, सुमारे ९० टक्के प्रसंगी हिम सुटण्यास स्वतः ती व्यक्ती किंवा तिचे सोबतीच कारण ठरल्याचे आढळून आले आहे. येथे दैवाला फारसा दोष देता येत नाही.

मिनिटांचा हिशेब

घसरलेले हिम थांबताच घट्ट बसते. गाडलेल्या माणसास हातही हलविता येत नाही आणि बहुतेकांचा मृत्यू गुदमरून होतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांत सुमारे नऊजण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिघांत एकावर येते. सियाचीन हिमनदीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी गाडले गेलेले लान्स नाईक हणमंतप्पा ८ फेब्रुवारीस जिवंत सापडले, परंतु ११ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. अशा अपवादावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. बाहेरचे बचावपथक वेळेत पोहोचणे दुर्घट असल्याने सोबत्यांनीच एकमेकांना शोधावे लागते. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर बर्फात खुपसावयाची लांब घडीची सळई आणि फावडे हवे. तिन्हींपैकी एक नसले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग फारच थोडा.

केवळ अनुभवही पुरेसा नाही. उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर असताना हिमस्खलन होऊन २९ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल त्यांत होत्या. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोक-नथुला मार्गावर सात पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, पर्यटक मात्र पंधराव्या मैलाकडे गेले होते, असे पोलिसांनी सांगितले होते.

वर तीव्र उतार असेल तर त्याखालची सपाट जागाही सुरक्षित नसते. बद्रीनाथजवळील माणा येथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर हिमाखाली सापडले. ४६ वाचले, आठजण मरण पावले. पुष्कळांचा जीव वाचला तो ते राहत असलेल्या लोखंडी कंटेनरांमुळे. चमोलीसह पाच जिल्ह्यांना आदल्या सायंकाळीच इशारा मिळालेला होता. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगढ येथील संस्था असे इशारे देत असते.

परवानगी देण्यापूर्वी

सहलीच्या अर्जावर सही करणाऱ्या मुख्याध्यापकांनी अथवा अधिकाऱ्यांनी आयोजकास वाटेतील उतारांविषयी विचारावे. इशारा कोण, केव्हा पाहणार आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाच्या हाती, हेही लेखी घ्यावे. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. म्हणून कार्यक्रमात एक-दोन दिवस मोकळे हवेत. परतीचे आरक्षण चुकेल या धास्तीने मुले उतारावर उतरविली जातात, हे आयोजक क्वचितच कबूल करतात.

प्रत्यक्ष वाटेवर शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, पायाखाली ‘धप्’ असा खोल आवाज होणे, पावलांपासून तडे पसरत जाणे किंवा ऊन तापून हिम एकाएकी ओले होणे, यांपैकी एकही खूण आढळल्यास मागे फिरावे. संशयित उतार ओलांडणे अटळच असेल, तर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. तो नाहीसा झाला, तर तो शेवटचा कोठे दिसला हे ठाऊक असणे शोधासाठी अत्यंत मोलाचे असते.