विश्लेषण : गाव गाडले गेले, गावकरी वाचले… स्वित्झर्लंडच्या ब्लाटनमध्ये काय घडले?

स्वित्झर्लंडमधील ब्लाटन हे जेमतेम ३०० वस्तीचे गाव २८ मे २०२५ रोजी हिमनदी कोसळून जवळपास नकाशावरून पुसले गेले. गावकरी मात्र नऊ दिवस आधीच बाहेर पडले होते. हे कसे शक्य झाले?

ब्लाटन कुठे आहे?

आल्प्समधील वॅले प्रांतात लोचेंटाल ही अरुंद दरी आहे. फेर्डेन, किपेल, विलर आणि ब्लाटन या तिथल्या चार ग्रामपालिका. त्यांपैकी ब्लाटन सर्वांत वरच्या टोकाला, सुमारे १५४० मीटर उंचीवर लोन्झा नदीकाठी वसले होते. येथील लोक जर्मनची स्थानिक बोली बोलतात.

गावाचा इतिहास काय?

शेती आणि पशुपालन हा जुना व्यवसाय. हिमस्खलनामुळे हिवाळ्यात दरीचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत असे. १९१३ मध्ये लोचबर्ग रेल्वे बोगदा खुला झाला आणि दरीच्या तोंडाशी गाडी आली. या एकाकीपणामुळे जुन्या चालीरीती टिकल्या. फेब्रुवारीत लाकडी मुखवटे आणि कातडी पांघरून फिरणारी ‘चेगेटे’ सोंगे प्रसिद्ध आहेत.

हिमनदी का कोसळली?

गावाच्या वर असलेल्या क्लाइनेस नेस्टहॉर्न शिखराचे कडे ढासळून खडक बिर्च हिमनदीवर साचत गेले. या भाराने हिमनदी वेगाने खाली सरकू लागली आणि अखेर तुटली. बर्फ, खडक आणि चिखलाने सुमारे ९० टक्के गाव गाडले. लोन्झाचा प्रवाह अडून तळे तयार झाले आणि उरलेली बरीच घरे पाण्यात गेली. खडकांना बांधून ठेवणारा कायमस्वरूपी गोठलेला थर तापमानवाढीने वितळत असल्याकडे शास्त्रज्ञ लक्ष वेधतात. मात्र ही एकच घटना केवळ त्यामुळे घडली, असे ते म्हणत नाहीत.

जीव कसे वाचले?

डोंगराच्या हालचालींवर सतत नजर होती. धोका दिसताच १९ मे रोजी माणसे आणि गुरे हलवण्यात आली. तरीही एका ६४ वर्षीय व्यक्तीचा मृत्यू झाला.

पुढे काय?

गाव पुन्हा उभारण्याचा निर्धार ग्रामपालिकेने केला आहे. पण धोक्याच्या छायेतील डोंगराळ वस्त्यांवर किती खर्च करावा, यावर देशात वाद सुरू झाला. यंत्रणांनी माणसे वाचवली. गाव कुठे आणि कसे वसवायचे, याचे उत्तर मोजमापाच्या उपकरणांकडे नाही.