गोठ्याला व पडवीला सरकते दार



गोठ्याला किंवा पडवीतल्या अवजारांच्या खोलीला बिजागरीचे दार असले म्हणजे ते उघडण्यासाठी तीन फूट जागा मोकळी सोडावी लागते. तिथे बैल उभा राहिला, पेंडीची पोती आली, की दार अर्धेच उघडते. वाऱ्याने आपटते ते वेगळेच. भिंतीलगत सरकणारे दार केले तर ही कटकट मिटते. गावचा सुतार आणि लोहार मिळून ते करून देतात.

बाजूला दाराएवढी कोरी भिंत मात्र पाहिजे. मध्ये खिडकी येत असेल तर नाद सोडा. धान्याच्या खोलीलाही हे दार मी सुचविणार नाही. दार आणि भिंत यांत बोटभर फट राहतेच, उंदराला तेवढी पुरते.

लाकूड पडलेल्या घराचे जुने मिळाले तर सर्वांत चांगले, ते पुरते वाळलेले असते. नवीन बाभूळ घेतलीत तर गाभ्याचेच घ्या. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागतो. इंचभर जाडीच्या फळ्या मध्ये काठ्या घालून, सावलीत, वर्षभर रचून ठेवा. घाई केली की फळी पिळवटलीच म्हणून समजा. साग आपल्याच रानातला असला तरी परवानगीशिवाय तोडू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने तशी बंदी आहे.

चौकट ३ फूट रुंद व ६ फूट उंच असेल तर दार ३ फूट ४ इंच बाय ६ फूट २ इंच करावे. फळ्या उभ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या आणि त्यांत तिरकी पट्टी. फळ्या अगदी घट्ट ठोकू नका, पावसाळ्यात लाकूड फुगते.

असे बाभळीचे दार पन्नास किलोच्या आसपास भरते. मातीत बांधलेल्या भिंतीत ठोकलेली खुंटी हा भार धरत नाही. म्हणून चौकटीवर ७ फूट लांबीचे, ४ इंच बाय २ इंच सलग लाकूड लावून त्याला दोन्ही टोकांना आणि चौकटीच्या कडेला पुरलेल्या खांबांचा आधार द्यावा. त्यावर २ इंच रुंद, पाव इंच जाड लोखंडी पट्टी कडेवर उभी ठेवून दर दीड फुटाला बोल्ट घ्यावा. पट्टी आणि लाकूड यांमध्ये नळीचे तुकडे घालावेत, म्हणजे चाक मोकळे फिरते व दार चौकटीला घासत नाही. चाके खोबणीची, दाराला दोन.

आता मुख्य गोष्ट. पट्टीच्या दोन्ही टोकांना अडसर हवाच. माझ्या घरी एका टोकाचा अडसर नंतर बसवू म्हणून राहिला. पोराने जोरात ढकलले, दार उतरून आडवे पडले. खाली वासरू बांधलेले असायचे. त्या दिवशी नेमके सोडले होते. दाराच्या माथ्यावर पट्टीखाली लाकडी चकतीही बसवा, म्हणजे चाक उसळून बाहेर येत नाही.

दार जमिनीपासून अर्धा इंच वर राहू द्या, वाळवी लवकर चढत नाही. खाली चौकटीच्या कडेला लोखंडी कोन रोवला की वाऱ्याने दार हलत नाही. कडी आतून-बाहेरून उघडणारी ठेवा. गोठ्यात आग लागली तर कुलूप शोधत बसायला वेळ नसतो.

पावसाआधी जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत, चाकांना ग्रीस लावावे, आणि दाराची बाजू पावसाची असेल तर पट्टीवर पत्र्याची वीतभर झडप काढून घ्यावी.