पहिल्या श्वासाआधीची सुई

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या अर्भकाची फुप्फुसे अनेकदा कच्ची असतात. वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्राव अपुरा पडल्याने प्रत्येक श्वास झुंज ठरतो. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र याच विकाराने ३९ तासांत दगावला. प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइड द्यावे, हा उपाय लिगिन्स व हौवी यांनी १९७२ मध्ये दाखविला. भारत सरकारने २०१४ मध्ये डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्राच्या परिचारिकेलाही दिली. भूम-परंड्याच्या ऊसतोड मजूर स्त्रीला अवेळी कळा आल्या, तर धाराशिवची वाट लांबची असते. त्या वाटेला लागण्यापूर्वीच ही स्वस्त सुई तिला मिळावयास हवी. जिल्हा रुग्णालयात यंत्रे हवीतच. परंतु केनेडींच्या बाळालाही न लाभलेले औषध उपकेंद्राच्या कपाटात पडून राहणे अक्षम्य होय.