आजच्या अंगाची सायकल : किशोरांसाठी माउंटन बाइक निवडताना होणारे गैरसमज

डोंगरवाटांवर नियमितपणे सायकल चालवू लागलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी माउंटन बाइक घेताना गिअर किती आहेत, शॉकअप पुढेच आहे की मागेही आणि टायर किती जाड आहे हे प्रश्न दुकानात सर्वप्रथम विचारले जातात. चालवणाऱ्याचे वजन आणि त्याच्या हातापायांची लांबी यांची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः बाजारातील बहुसंख्य सायकलींचे सुटे भाग प्रौढ माणसाचे वजन आणि बळ गृहीत धरून बनवलेले असतात, त्यामुळे ४५ किलो वजनाच्या मुलीला किंवा मुलाला तीच सायकल अगदी वेगळ्या रीतीने वागताना आढळते. निवडीविषयीचे बरेचसे गैरसमज या एका दुर्लक्षातून निर्माण होतात.

वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत त्याप्रमाणे सायकलही एक-दोन मापे मोठी घ्यावी, ही समजूत त्यांतील सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक आहे. फ्रेमचे माप ठरवताना ‘रीच’ महत्त्वाचा असतो. रीच म्हणजे पेडलांचा आस जिथून जातो त्या बिंदूपासून हँडल ज्या नळीत फिरते तिच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. उतारावर चालवणारा पेडलांवर उभा असतो आणि त्या अवस्थेत रीच जास्त असेल, तर हात ताठ राहतात, कोपर वाकत नाही आणि पुढच्या चाकावर पुरेसा भार न पडल्याने ते वळणावर घसरते. सीट कितीही खाली घेतली तरी हा दोष जात नाही. उलट योग्य मापाची फ्रेम वाटते तितक्या लवकर तोकडी पडत नाही, कारण मुलींमध्ये साधारणतः १२व्या आणि मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते तेव्हा आधी पाय लांब होतात आणि धड मागाहून वाढते. पायांची वाढ सीटपोस्ट वर घेऊन सामावून घेता येते. मात्र त्यावर कोरलेली मर्यादेची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर फ्रेमची वरची नळी आणि जांघ यांत किमान ५ सेंमी अंतर उरणे ही मापाची पहिली चाचणी होय. तथापि ती पुरेशी नाही, पेडलांवर उभे राहून कोपर सहज वाकतात की नाही हेही पाहावे लागते.

मागेही शॉकअप असलेली सायकल डोंगरासाठी अधिक चांगली, हा समज महागड्या सायकलींच्या बाबतीत काही अंशी खरा आहे, पण स्वस्त सायकलींच्या बाबतीत तो पूर्णपणे चुकीचा ठरतो. शॉकअपची कामे दोन असतात : धक्का पोटात घेणे आणि दाबलेल्या स्प्रिंगला उसळू न देता सावकाश परत आणणे. या दुसऱ्या कामाला डॅम्पिंग म्हणतात. अल्प किमतीच्या दुहेरी शॉकअपमध्ये मागच्या बाजूला बहुधा केवळ लोखंडी स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसते. त्यामुळे चढावर पेडलाला लावलेले बळ स्प्रिंग हलवण्यात खर्ची पडते, उतारावर सीट उसळी मारते आणि सायकलचे वजनही वाढते. सायकल खडतर वाटेवर वापरू नये, अशी सूचना काही उत्पादक अशा सायकलींच्या पुस्तिकेतच छापतात, हे ग्राहकाने आवर्जून वाचावे. त्याच किमतीत फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल, म्हणजे हार्डटेल, सर्व दृष्टींनी सरस असते. पुढचा शॉकअप मात्र वजनानुसार जुळवता येणारा हवा. चालवणारा स्वार झाल्यावर शॉकअप त्याच्या एकूण हालचालीच्या सुमारे २० ते २५ टक्के दबला पाहिजे. याला सॅग म्हणतात आणि १०० मिमी हालचालीच्या शॉकअपमध्ये तो २० ते २५ मिमी येतो. प्रौढांसाठीची कठीण स्प्रिंग ४५ किलोखाली पुरेशी दबतच नाही आणि शॉकअप केवळ वजन वाढवणारा भाग होऊन बसतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या शॉकअपमध्ये पंपाने दाब कमीजास्त करून सॅग साधता येतो, आणि मूल वाढेल तसा तो बदलताही येतो; थोडे अधिक पैसे खर्च करायचेच असतील, तर ते येथे करावेत.

गेल्या काही वर्षांत जाड टायरच्या फॅट बाइकचे किशोरांना मोठे आकर्षण आहे. सुमारे ४ इंच रुंदीचे हे टायर मुळात बर्फ आणि सैल वाळू यांवर रुतू नये म्हणून विकसित झाले. सह्याद्रीतील मुरमाड, दगडी वाटांवर त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय आपल्याकडील लोखंडी फ्रेमच्या स्वस्त फॅट बाइक इतक्या जड असतात, की हलक्या अंगाच्या मुलाला त्या लांब चढावर दमवून टाकतात. डोंगरवाटेला २.२ ते २.४ इंच रुंदीचा, ठसठशीत खाचांचा टायर पुरतो.

चाकांबाबत २९ इंची चाक वेगवान आणि २७.५ इंची चाक कमी प्रतीचे, असे सरसकट मानले जाते. लंडन येथील २०१२च्या ऑलिंपिकमधील पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावी याने २९ इंची, दोन्ही बाजूंना शॉकअप असलेल्या सायकलवर सुवर्णपदक मिळवले आणि त्याच्या मागोमाग अवघ्या एका सेकंदाने आलेला निनो शुर्टर २७.५ इंची हार्डटेलवर होता. मोठे चाक खडकांवरून सुलभतेने जाते, लहान चाक वळवायला आणि वेग पकडायला सोपे असते. दीडशे सेंटिमीटरच्या आतबाहेर उंची असणाऱ्यांना बहुधा लहान चाकच सोयीचे पडते.

गिअरांची संख्या हाही फसवा निकष आहे. २१ गिअर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चक्रे, आणि त्यांतील कित्येक जोड्या जवळजवळ सारखाच वेग देतात. चढावर महत्त्वाचा असतो तो सर्वांत हलका गिअर. पुढे २४ आणि मागे २८ दात असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ०.८६ वेळा फिरते. पुढे ३२ दातांचे एकच चक्र आणि मागच्या दहा चक्रांतील सर्वांत मोठे ४६ दातांचे असेल, तर ते ०.७० वेळाच फिरते, म्हणजे १० गिअरांची सायकल २१ गिअरांच्या सायकलपेक्षा चढाला हलकी पडू शकते. पुढची चेन बदलणारी यंत्रणा नसल्याने बिघाडही कमी होतात.

डिस्क ब्रेक पाहून निर्धास्त होणेही योग्य नाही. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक यांत, विशेषतः पावसाळ्यातील चिखलात आणि लांब उतारावर, मोठा फरक पडतो. लहान पंजाला कमी बळ लागत असल्याने दुसरा प्रकार श्रेयस्कर ठरतो. लिव्हर हँडलच्या जवळ आणणारा स्क्रू त्यावर आहे का आणि तो फिरवल्यावर तर्जनी लिव्हरपर्यंत सहज पोचते का, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

चांगली सायकल घेऊनही ती बिघडवणारा शेवटचा गैरसमज म्हणजे टायर दगडासारखा टणक फुगवणे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो, शिफारशीचा नव्हे. ट्यूब असलेल्या २.२५ इंची टायरमध्ये ४५ ते ५० किलोच्या चालवणाऱ्याला साधारण २२ ते २८ पीएसआय दाब पुरतो आणि मागच्या चाकात दोन-तीन पीएसआय अधिक ठेवावे. दाब फार वाढवला, तर मुरमावर टायर पसरत नाही आणि पकड सुटते. फार कमी केला, तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होते. म्हणून दाब मोजणारा पंप सायकलबरोबरच घ्यावा.