रंगमंचावरचे पद, पडद्यावरचे गाणे

1880 च्या ऑक्टोबरअखेरीस अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने पुण्यात ज्या संगीत रंगभूमीची प्रतिष्ठापना केली, तिचा अंमल मराठी मनावर पुढे अर्धशतक अबाधित चालला; आणि 6 फेब्रुवारी 1932 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू आणि गाऊ लागला, तेव्हा ही सारी दौलत आता पडद्याकडे वारसाहक्काने चालत येणार, असेच कोणासही वाटावे अशी परिस्थिती होती. त्या चित्रपटातील हरिश्चंद्र म्हणजे दुसरे कोणी नसून, 1911 साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला पूर्वेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली देऊन नाट्यसंगीताचा रंगच पालटून टाकणारे गोविंदराव टेंबे होते. गाणारे नट होते, चाली बांधणारे होते, तयार कथानके होती आणि त्यांवर लुब्ध असलेला श्रोतृवर्गही होता. इतके असूनही ती दौलत पडद्याच्या हाती अखंड अशी कधीच आली नाही. ती का आली नाही, याचा विचार कलेच्या अंगाने करावयास हवा. केवळ मंडळ्यांच्या कर्जाचा आणि जमाखर्चाचा हिशेब मांडून त्याचे उत्तर मिळत नाही.

संगीत नाटकातील पद हे कथानकाच्या मार्गातील एक विश्रामस्थान असते. तेथे काळ थांबतो. भामिनी किंवा रुक्मिणी ही त्या क्षणापुरती कथेची नायिका न राहता स्वरांची स्वामिनी होते, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा असले म्हणजे तिच्या एकेका आलापाला उत्तर मिळते, प्रेक्षागृहातून वन्समोअर येतो, आणि तेच पद पुन्हा, पण निराळ्या विस्ताराने, उभे राहते. म्हणजे पदाची लांबी नाटककार ठरवीत नसे. ती त्या रात्री गायक आणि श्रोते मिळून ठरवीत. चित्रपटाला हा तहनामाच मान्य नाही. त्याची फीत मोजलेली, त्याचा श्रोता कलावंताला अदृश्य, आणि एकदा मुद्रित झालेली तान कोणाच्याही टाळीने एका मात्रेनेही वाढत नाही. त्यातच बोलपटाच्या आरंभकाळी गायन आणि अभिनय एकाच वेळी मुद्रित होत असल्याने साजिंद्यांना चौकटीबाहेर दडवावे लागे आणि ध्वनिग्राहकाच्या मर्यादेत राहून गावे लागे. ज्या नटाने सारे आयुष्य शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यात घालविले, त्याला हा कारावासच वाटला असला पाहिजे.

या संघर्षाचा सर्वांत करुण दाखला बालगंधर्वांचा. 1935 साली ते व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सरकारी परीक्षकांच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. भूमिका उदात्त होती, चाली त्यांच्याच मंडळीतील मास्तर कृष्णरावांच्या होत्या, निर्मितीत काही कसूर नव्हती; तथापि ज्या महाराष्ट्राने त्यांना शालूत पाहिले होते त्याला ते पुरुषवेषात परके वाटले. म्हणून की काय, 1937 च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. बाबूराव पेंटरांसारख्या थोर चित्रकाराने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट म्हणजे गंधर्व मंडळीच्या 'अमृतसिद्धि' या नाटकाचेच चित्रण होते. येथे तर उलटाच घात झाला. रंगमंचावरील स्त्रीभूमिका अंतर, प्रकाश आणि प्रेक्षकाची श्रद्धा या तिहींच्या आधारावर उभी असते. कॅमेऱ्याने ते अंतर नाहीसे केले आणि पन्नाशीला टेकलेल्या पुरुषाचा चेहरा, तान घेताना ताणल्या जाणाऱ्या शिरांसह, प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे आणून ठेवला. बालगंधर्वांची कला कोठेही उणी पडली नव्हती, असे माझे मत आहे. ज्या संकेतावर ती उभी होती तो संकेत काढून घेतला गेला होता. नाटक जसेच्या तसे चित्रित करणे ही नाटकावरची निष्ठा आहे अशी समजूत आजही आढळते. 'साध्वी मीराबाई'चा इतिहास त्या समजुतीविरुद्ध साक्ष देतो.

मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळीनेही सांगलीस चित्रसंस्था काढून 'कृष्णार्जुन युद्ध' (1934) पडद्यावर आणले, परंतु त्या व्यवसायाने मंडळीला तारले नाही.

याच काळात रंगभूमीची माणसे मात्र चित्रपटात यशस्वी झाली, ती नाटकाची रीत सोडून. मास्तर कृष्णरावांनी 'माणूस'ला (1939) आणि 'शेजारी'ला (1941) दिलेले संगीत, किंवा केशवराव भोळे यांनी 'संत तुकाराम'मध्ये (1936) अभंगाला प्राप्त करून दिलेले साधेपण, यांत नाट्यपदाचा विस्तार नाही. आहे तो त्याचा संस्कार. 'शारदे'च्याच विषयाशी नाते सांगणारा 'कुंकू' (1937) तर देवलांच्या नाटकावरून न येता ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून आला, आणि त्यात पार्श्वसंगीतही वर्ज्य केले गेले. पुढे पार्श्वगायन रूढ झाले आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा अशी वाटणी झाली. संगीत नटाची संस्था मोडली ती येथे. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'वरून 1976 साली तरुण चित्रपटकारांच्या सहकारी गटाने केलेला चित्रपट नाटकाच्या नृत्यगानाच्या सामूहिक बांधणीपासून इतका दूर गेला, की त्याला रूपांतरापेक्षा स्वतंत्र रचना म्हणणेच न्यायाचे होईल.

मग 2015 साली 'कट्यार काळजात घुसली' आला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले तेव्हा जितेंद्र अभिषेकींच्या संगीतात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून गात होते. चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा, आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाची भूमिका दिग्दर्शक सुबोध भावे यांनीच केली, त्यासाठी गाणाऱ्या महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पंडितजी मात्र शंकर महादेवन यांनी स्वतःच गायिले व वठविलेही. जुन्या पदांत नव्या रचनांची भर पडली. ती सर्वांस रुचली नाही, हे मी जाणतो. पण चित्रपट उभा राहिला, त्याचे कारण कथेतच आहे. दोन घराण्यांचा तंटा गाण्यावरून आहे, जय आणि पराजय गाण्यानेच ठरतात; म्हणून पात्र गाऊ लागले म्हणजे कथा थांबत नाही, ती तेथेच घडते. 'मानापमाना'त धैर्यधर आणि भामिनी यांचे गाणे प्रणयाचा अलंकार आहे, घटना नव्हे; म्हणून त्याच दिग्दर्शकाने, 'कट्यार'च्याच संगीतकार त्रयीसह, 2025 च्या जानेवारीत तो पडद्यावर आणला तेव्हा भव्यता असूनही पदांचा आणि कथेचा सांधा मला वारंवार निखळलेला दिसला.

'शारदा', 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' यांच्याकडे वळू पाहणाऱ्या चित्रपटकारांना म्हणून एक विनंती आहे: पदे थोडी निवडा, पण जे निवडाल ते कापू नका, गाणाऱ्यालाच भूमिका द्या, आणि त्याला ऐकणारी माणसे चौकटीत ठेवा.