दस्तनोंदणी आणि माणसाची ओळख : थोड्या खर्चात काम कसे करावे?

आमच्या संस्थेकडे वर्षभरात नाना तऱ्हेची कामे घेऊन माणसे येतात. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. अलीकडे मात्र घर व जमीन यांच्या कागदपत्रांविषयी विचारणारे सभासद वाढले आहेत. त्यांच्या अडचणी ऐकताना आमच्या ध्यानात आले की, बहुतेकांचे पैसे खरेदीखतात किंवा बक्षीसपत्रात जात नाहीत. ते जातात "हा माणूस तोच आहे" हे सिद्ध करण्यात. म्हणून या स्मरणिकेत हाच विषय घेतला आहे. सभासदांनी तो वाचावा आणि विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.

आपल्या सास्तूरला या प्रश्नाची धग जास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. घरे पडली, माणसे गेली आणि पेट्या-ट्रंकांत जपलेले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. पुढे पुनर्वसन झाले, नव्या जागेत घरे मिळाली. त्या वेळी ज्या कर्त्या माणसाच्या नावे घर लागले त्यांतील कितीतरी आज हयात नाहीत. आता मुले-नातवंडे ते घर नावावर करून घ्यायला निघतात, तेव्हा जुन्या कागदावरील नाव एक, आधारवरील दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावरील तिसरे, असा घोळ समोर येतो.

एक अनुभव

आमच्या परिचयातील एक आजी आपली शेतजमीन मुलीला बक्षीस देण्यासाठी नोंदणीला गेल्या. जन्मभर खुरपणी-काढणी केलेले हात. अंगठ्याच्या रेघा पार झिजलेल्या. यंत्रावर ठसा काही जुळेना. बाहेर बसलेल्या एका एजंटाने सांगितले, "ओळखदार लागतात, दोन माणसे मी देतो," आणि त्यासाठी आजींच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम मागितली. आजी तशाच परत आल्या. दुसऱ्या खेपेला त्यांच्याच गल्लीतील दोन माणसे सोबत गेली, दस्त नोंदला गेला आणि ओळखीचा खर्च झाला तो एस.टी.च्या तिकिटांचा. कायदा माहीत नसण्याची किंमत किती पडते, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

कायदा काय म्हणतो?

नोंदणी अधिनियम, १९०८ हा यातील मूळ कायदा. कलम ३४ प्रमाणे दुय्यम निबंधकाने समोर आलेल्या माणसाला दोन गोष्टी विचारायच्या असतात : हा दस्त तुम्ही करून दिला आहे काय, आणि तुम्ही तेच आहात काय? दुसऱ्या गोष्टीविषयी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. कलम ३२-अ प्रमाणे दस्तावर छायाचित्र लावावे लागते व बोटांचे ठसे द्यावे लागतात.

अधिकारी प्रत्येकाला ओळखत नसतो. म्हणून दस्त करून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखणारी दोन माणसे आणण्याचा रिवाज आहे. त्यांनाच ओळखदार म्हणतात. ओळखदार सरकारी नोकर, वकील किंवा पैसेवाला असला पाहिजे, अशी अट नाही. शेजारी, भाऊबंद, गल्लीतील सज्ञान माणूस चालतो. मात्र त्याने स्वतःचे ओळखपत्र बरोबर आणावे. महाराष्ट्रात आता आधारच्या पडताळणीनेही ओळख पटवता येते व ती पटल्यास निराळ्या ओळखदारांची गरज राहत नाही. ठसा जुळला नाही तर गडबडून जाऊ नये; दोन ओळखीची माणसे हा मार्ग आहेच. तेव्हा ज्याचा हात कष्टाने झिजला आहे त्याने पहिल्याच खेपेला ओळखदार सोबत न्यावेत.

ओळखदार आणि साक्षीदार यांत फरक आहे, तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. साक्षीदार दस्तावरील सहीला साक्ष असतो. बक्षीसपत्राला व मृत्युपत्राला कायद्याने दोन साक्षीदार लागतात. ओळखदार माणसाची ओळख देतो.

भाड्याचा ओळखदार का नको?

पैसे घेऊन उभा राहणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो. तो अधिकाऱ्यासमोर "मी यांना ओळखतो" असे सांगतो, ते खोटे असते. खोटे कथन करणे किंवा दुसऱ्याच्या नावाने उभे राहणे यासाठी कलम ८२ मध्ये सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय उद्या भाऊबंदांत वाद होऊन दस्ताला आव्हान दिले गेले, तर तो माणूस कोर्टात सापडणार नाही आणि सापडला तरी काय सांगणार? गल्लीतील माणूस मात्र ठामपणे सांगेल. गरिबाकडे कागद कमी असतात, पण त्याला ओळखणारे गाव असते. ही ओळख फुकट आहे आणि तिला कायद्यात किंमत आहे.

नावातील फरक

सातबारावर "लिंबाजी", आधारवर "लिंबा". कोठे आडनाव आहे, कोठे नुसते वडिलांचे नाव. असे असेल तर नोंदणीच्या दिवसाआधीच दुरुस्ती करावी. आधारवरील नाव हयातीत दोनदाच बदलता येते, म्हणून अर्जातील अक्षर न् अक्षर तपासावे. ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्ता दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये आहे. त्याहून जास्त मागितल्यास पावती मागावी. बोटांचे ठसे नव्याने देण्याचीही सोय आधार केंद्रावर आहे.

"दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा मागतात. येथेही लूट होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक आला, तेव्हा प्रत्येक प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टँप लागतो असा समज पसरला. वस्तुतः सरकारी कार्यालयात व न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले आहे. ती साध्या कागदावर होतात.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

पैसे वाचवायचे म्हणून स्टँपपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन कित्येक जण घर किंवा प्लॉट "विकत" घेतात. नोटरीसमोर ओळख पटली म्हणजे मालकी आली, असे होत नाही. १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्याचप्रमाणे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही.

उलट, काही ठिकाणी नोंदणीची गरजच नसते. मालक वारला असेल तर सातबारावर वारस लावण्यासाठी दस्त करावा लागत नाही. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. २०२५ साली शासनाने यासाठीच "जिवंत सातबारा" मोहीम काढली. राहते घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व पानांचा आकार वेगळा पडतो, तो आधी विचारून घ्यावा.

आजारी माणूस आणि नाकारलेला दस्त

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाटेवर घालून कार्यालयात नेण्याची वेळ आणू नये. कलम ३१ व ३८ प्रमाणे अधिकारी घरी येऊन ओळख व कबुली घेऊ शकतो. त्यासाठी अर्ज करून ठरलेली फी भरावी आणि पावती घ्यावी.

अधिकाऱ्याने दस्त नोंदण्यास नकार दिला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कलम ७१ प्रमाणे नकाराचे कारण लेखी नोंदावे लागते आणि मागितल्यास त्याची प्रत विनामूल्य द्यावी लागते. त्यावर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते.

मोफत सल्ला कोठे मिळतो?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची यादी आहे. तीत स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, अपंग आहेत आणि भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोकही आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध बांधवांचा अनुसूचित जातीत समावेश झाला, हे आपण जाणताच. तेव्हा तालुका विधी सेवा समितीकडे जाण्यात संकोच नसावा. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

एक सावधगिरी

ओळख जपावीही लागते. २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरील बोटांच्या ठशांचे साचे बनवून भलत्यानेच सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला. म्हणून आधारची झेरॉक्स वाटेल त्याच्या हाती ठेवू नये, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये आणि काम झाल्यावर आधारचे ठसे "लॉक" करून ठेवावेत. ही सोय फुकट आहे.

सारांश, निघण्यापूर्वी एवढे पाहावे : मूळ ओळखपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सर्व कागदांवरील नावाचा मेळ, आणि आपल्याला खरोखर ओळखणारी दोन माणसे त्यांच्या ओळखपत्रांसह. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती.

विद्यार्थ्यांना आमचे शेवटचे सांगणे असे की, या सुट्टीत आपल्या घरातील सर्व कागद एकत्र काढा, एका वहीत प्रत्येकावरील नाव जसेच्या तसे उतरवा आणि फरक दिसेल तेथे खूण करा. आणि शेजारच्या आजींना ओळखदार हवा असेल, तर सज्ञान झालेल्या मुलामुलींनी एक दिवस मोडून त्यांच्यासोबत जावे. समाजाचे काम म्हणतात ते हेच.